‘खालसा’ या एका शब्दामागे लपलेली इंग्रजी क्रियापदं

या वेळी एका क्रियापदाबद्दल लिहितो आहे. खरं तर एका मराठी क्रियापदाखाली गाडल्या गेलेल्या सहा-सात इंग्रजी क्रियापदांबद्दल. तुमच्यापैकी जे एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रावर काम करायचं ठरवत आहेत, त्यांना हे पहिल्या सहा महिन्यांतच लागणार आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण असला गाडलेला शब्द प्रत्येकाच्या विषयात एखादा तरी असतोच.

शाळेच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपर्यंत आपण काय वाचत आलो? सातारा खालसा झालं. नागपूर खालसा झालं. झाशी खालसा झाली. इनाम कमिशननं इनामं खालसा केली. नरगुंद खालसा झालं. आणि 1948 मध्ये संस्थानं खालसा झाली. सगळीकडे एकच शब्द. आता हीच प्रकरणं कंपनी सरकारच्या इंग्रजी कागदांत बघा. सातारा, नागपूर आणि झाशी ‘लॅप्स’ झाली. इनामं ‘रिझ्यूम’ केली. नरगुंद ‘कॉन्फिस्केट’ केलं. वऱ्हाड ‘असाइन’ झालं. पेशव्यानं वसईच्या तहात मुलूख ‘सीड’ केला. ‘अ‍ॅनेक्स’ तर जागोजागी येतंच. शब्दकोशात पाहिलंत तर या सगळ्यांच्या पुढे थोड्याफार फरकानं ‘ताब्यात घेणे’, ‘जोडून घेणे’, ‘स्वाधीन करणे’ असंच काहीतरी मिळेल. मग फरक कसला?

फरक दोन गोष्टींत आहे. हे कुणी केलं, आणि त्याआधी ती जमीन कुणाची होती. प्रत्येक क्रियापद या दोन प्रश्नांची उत्तरं परस्पर देऊन टाकतं, आणि तुम्ही ते क्रियापद उचललंत की उत्तरही त्याच्याबरोबर तुमच्या प्रबंधात येतं.

आधी आपल्या घरचा शब्द बघू. खालसा मूळ अरबीतला. खालिस म्हणजे शुद्ध, निर्भेळ. मुघल महसुलाच्या भाषेत ज्या मुलखाचा वसूल मधे कुणी जहागीरदार नसता थेट बादशाही खजिन्यात जायचा, तो खालसा. मराठी राज्यातही तोच अर्थ चालू राहिला. त्याच्या उलट शब्द दुमाला, म्हणजे ज्या गावाचा वसूल सरकारनं दुसऱ्या कुणाला तोडून दिलाय ते गाव. कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात सडोली खालसा आणि सडोली दुमाला अशी दोन गावं आजही आहेत. बसच्या पाटीवर महसूल खात्याचा इतिहास लिहिलेला असतो आणि आपण तिकीट काढून पुढे जातो. सांगायचा मुद्दा हा की ‘खालसा करणे’ या शब्दाला फक्त वसूल कुठे जातो एवढंच सांगायचं आहे. कोणत्या हक्कानं घेतलं, शिक्षा म्हणून घेतलं की वारस नाही म्हणून, कायमचं की तात्पुरतं, याबद्दल तो गप्प आहे. महसुली शब्द म्हणून यात काही वावगं नाही. पण आपण तो राजकीय इतिहासाला लावतो, आणि तिथे नेमकं हेच विचारायचं असतं.

आता ‘लॅप्स’. हे नीट समजलं की बाकीची आपोआप समजतील, म्हणून इथे जरा थांबू.

लॅटिनमध्ये याचं मूळ घसरणे, निसटणे असं आहे. इंग्रजी कायद्यात ते फार आधीपासून वापरात होतं. मृत्युपत्रात ज्याच्या नावे काही ठेवलंय तो मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधीच वारला, तर ती देणगी लॅप्स होते. चर्चमधल्या धर्मगुरूची नेमणूक सुचवण्याचा हक्क एखाद्या आश्रयदात्याकडे असेल आणि सहा महिन्यांत त्यानं नाव सुचवलं नाही, तर तो हक्क लॅप्स होऊन बिशपकडे जातो. आपल्याकडेही हा शब्द रोजचा आहे. ‘हप्ता भरायचा राहिला, पॉलिसी लॅप्स झाली.’ या वाक्यात कर्ता कुठे आहे? नाहीच. कुणी काही केलं नाही, मुदत सरली आणि वस्तू आपोआप गळून पडली. विमा कंपनीकडे कुणी बोट दाखवत नाही.

लॉर्ड डलहौसीच्या कारभाराला हे क्रियापद का मानवलं ते यावरून कळतं. जानेवारी 1848 मध्ये तो गव्हर्नर जनरल झाला, आणि 5 एप्रिल 1848 रोजी साताऱ्याचे शहाजीराजे उर्फ आप्पासाहेब वारले. औरस मुलगा नव्हता, मृत्यूच्या जरा आधी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क राज्य घेण्याच्या विरुद्ध होता. पण लवकरच त्याच्या जागी लॉर्ड फॉकलंड आला आणि मुंबई सरकारचा सूर बदलला. डलहौसीनं 30 ऑगस्ट 1848 च्या टिपणात आपला निर्णय मांडला. त्याची मांडणी थोडक्यात अशी: दत्तक मुलगा खाजगी मालमत्तेचा वारस होऊ शकेल, श्राद्धपक्ष करू शकेल, पण राज्याचा वारस होण्यासाठी वरिष्ठ सत्तेची संमती लागते. ती संमती आम्ही देत नाही. म्हणून राज्य लॅप्स झालं.

शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचा. ‘संमती देत नाही’ हे कुणीतरी करण्याचं काम आहे. ‘लॅप्स झालं’ यात कुणी काही करत नाही. एका वाक्यात हात दिसतो आणि पुढच्याच वाक्यात तो खिशात जातो. गंमत म्हणजे त्याच टिपणात डलहौसी हे क्रियापद प्रयोजक रूपातही वापरतो. म्हणजे औरस वारस नसेल तिथे मुलूख लॅप्स ‘होऊ द्यावा’ असं तो लिहीत नाही, लॅप्स ‘करवावा’ अशा अर्थाची रचना करतो. आपोआप घसरणारी वस्तू घसरवायला लागते! मला या सगळ्या प्रकरणात हीच जागा सर्वांत बोलकी वाटते. तत्त्वज्ञान लिहिताना सांभाळलेलं व्याकरण धोरण लिहिताना सुटलं.

क्रियापदावरून तारीखही बदलते, हे परीक्षा देणाऱ्यांनी खास लक्षात घ्यावं. सातारा 1848 ला खालसा झालं की 1849 ला, यावर वाद घालणारे विद्यार्थी तुम्ही पाहिले असतील. लॅप्स मानलं तर राजा गेला त्याच दिवशी राज्य गेलं, म्हणजे 1848. अ‍ॅनेक्स मानलं तर लंडनच्या संचालक मंडळाची मान्यता येऊन औपचारिक विलीनीकरण झालं तेव्हा, म्हणजे 1849. मधल्या काळात साताऱ्याचा कारभार रेसिडेंट बार्टल फ्रिअर पाहत होता, आणि विलीनीकरणानंतरही तोच पाहत राहिला. मधल्या त्या महिन्यांत साताऱ्यात राज्य नेमकं कुणाचं होतं? तुमच्या विषयाला हा प्रश्न लागू असेल, तर ‘खालसा’ लिहून त्याचं उत्तर मिळणार नाही.

‘अ‍ॅनेक्स’चं मूळ बांधणे, जोडणे. इथे जोडणारा लागतोच. म्हणूनच की काय, अयोध्येच्या नवाबाचं राज्य 1856 मध्ये घेतलं तेव्हा लॅप्सचा आधारच नव्हता. वाजिद अली शाह जिवंत होता, वारस होते. तिथे गैरकारभाराचं कारण पुढे करून उघड अ‍ॅनेक्स करावं लागलं. आपल्या पुस्तकांत मात्र सातारा, झाशी, नागपूर, अयोध्या अशी एकच यादी असते आणि शेवटी एकच क्रियापद.

आणखी एक. लॅप्स हा डलहौसीचा शोध नाही. आंगऱ्यांचं कुलाबा संस्थान 1840 मध्येच याच वाटेनं गेलं होतं, तेव्हा डलहौसीचा हिंदुस्थानाशी संबंधही नव्हता. आणि संचालक मंडळानं 1834 मध्येच कळवलं होतं की दत्तकाला परवानगी हा अपवाद असावा, नियम नव्हे.

साताऱ्यात दुसरी एक जोडी अडकलेली आहे आणि ती मला लॅप्सपेक्षाही महत्त्वाची वाटते. इंग्रजांनी 1818-19 मध्ये साताऱ्याचं राज्य ‘रिस्टोअर’ केलं की ‘क्रिएट’? पुन्हा उभं केलं की नव्यानं निर्माण केलं?

नुसता शब्दच्छल वाटेल, पण सगळा खटला यावर उभा आहे. पुन्हा उभं केलं असेल तर छत्रपतींचा हक्क शिवाजी महाराजांपासूनचा, कंपनीच्या आधीचा, आणि मग दत्तकाला कंपनीची संमती कशाला लागते? निर्माण केलं असेल तर राज्य कंपनीनं दिलेली वस्तू, आणि देणारा अटी घालू शकतो. डलहौसी अर्थातच दुसऱ्या बाजूला. पुढे त्यानं संस्थानांचे जे वर्ग पाडले, त्यात इंग्रजांनी निर्माण केलेली संस्थानं असा एक वेगळा वर्गच होता.

आणि मूळ तह काय म्हणतो? 25 सप्टेंबर 1819 च्या तहाच्या प्रस्तावनेत दोन्ही आहेत. घराण्याच्या प्राचीनतेचा विचार करून असं आधी म्हटलंय, म्हणजे हक्क जुना. आणि राजाला सार्वभौमत्व देण्यासाठी क्रियापद वापरलंय ‘इन्व्हेस्ट’. आज आपण याचा अर्थ पैसे गुंतवणे असा घेतो. पण लॅटिनमध्ये मूळ अर्थ वस्त्रं घालणे, आणि त्यावरून पदाची वस्त्रं देणे. आपल्याकडे यासाठी नेमका शब्दप्रयोग होता. साताऱ्याचे छत्रपती पेशव्याला पेशवाईची वस्त्रं द्यायचे. शंभर वर्षं जे घराणं इतरांना वस्त्रं देत आलं, त्यालाच या तहात कंपनी वस्त्रं देत होती. देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल एका क्रियापदात झाली, आणि त्याचा पुरता अर्थ तीस वर्षांनी कळला. 1819 मध्ये प्रतापसिंह महाराजांना तो कितपत जाणवला असेल याचा मी अधूनमधून विचार करतो. पुढे 1839 मध्ये त्यांना गादीवरून काढून बनारसला पाठवलं तेव्हा मात्र कंपनी कोणत्या अर्थानं वाचतेय हे लपून राहिलं नसणार. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे झगडत राहिले. त्यांच्या लढ्याकडे या बाजूनंही बघता येतं: वाद मुलखाचा होताच, पण तहातल्या शब्दांचाही होता.

‘परमिट’ आणि ‘रेकग्नाइज’ ही जोडी थोडक्यात सांगतो. दत्तकाला परवानगी दिली असं म्हटलं तर परवानगी येईपर्यंत दत्तक झालेलाच नाही. दत्तक मान्य केला म्हटलं तर तो आधीच झालेला आहे, सरकारनं फक्त मान हलवली. 1834 आणि 1848 च्या कागदांचा कल पहिल्या क्रियापदाकडे आहे. 1857 चा उठाव झाला, 1858 मध्ये राणीचा जाहीरनामा आला, आणि 1862 मध्ये लॉर्ड कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्यांत क्रियापद दुसरं आहे. चौदा वर्षांत धोरण किती बदललं हे सांगायला पुस्तकं लिहिली गेलीत. मला विचाराल तर या दोन क्रियापदांत त्यातलं निम्मं येतं.

राजेरजवाड्यांबद्दल पुष्कळ झालं. बहुतेकांचा विषय राजे नसतात, गाव असतं. तिथे भेटणारं क्रियापद म्हणजे ‘रिझ्यूम’, आणि तिथे नव्या संशोधकाची पहिली फसगत ठरलेली. आजच्या इंग्रजीत रिझ्यूम म्हणजे थांबलेलं काम पुन्हा सुरू करणे. त्यामुळे ‘गाव रिझ्यूम केलं’ वाचून वाटतं, बंद पडलेलं इनाम परत चालू झालं वाटतं. अर्थ बरोबर उलटा! मूळ अर्थ पुन्हा घेणे, परत घेणे. नोकरीच्या अर्जाला जोडतो तो रेझ्युमे याच घराण्यातला, फ्रेंचमधून फिरून आलेला, पण त्याचा इथे उपयोग नाही.

परत घेणे. ‘परत’ हा शब्द इथे सगळं काम करतो. घेतलेलं आपलंच होतं, मधे कुणाकडे तरी होतं, ते आणलं. चोराकडून वस्तू परत घेतो तसं, किंवा उसनं दिलेलं भांडं परत आणतो तसं. म्हणजे इनामदाराचं वतन हे सरकारचं उसनं भांडं ठरलं.

याच्या जोडीला ‘एलियनेट’ येतं: आपलं दुसऱ्याला देऊन टाकणे, दूर करणे. इनाम जमीन ही इंग्रज महसूल खात्याच्या दृष्टीनं ‘एलियनेटेड’ जमीन. ज्याला आपण दुमाला म्हणायचो तेच. पुण्यातलं आपलं पेशवे दफ्तर, जिथे तुमच्यापैकी अनेकांना रुमालांची बासनं सोडत बसायचंय, ती कचेरी पूर्वी एलियनेशन ऑफिस म्हणून ओळखली जायची. कारण उघड आहे. सरकारला पेशव्यांच्या कागदांची गरज होती ती इनामांचे दावे तपासायला. आज आपण इतिहास म्हणून जे वाचतो ते हिशेबाची कागदपत्रं म्हणून जपलं गेलं. कोणते कागद ठेवले गेले आणि कसे लावले गेले, यावर या एका क्रियापदाची सावली आहे, हे तिथे बसताना ध्यानात असू द्या.

आता इनामपत्रात काय असायचं? नूतन इनाम करून दिलं, तुम्हास व तुमच्या पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनं चालवावं, अशा धर्तीची भाषा. क्रियापदं दोन: ‘करून देणे’ आणि ‘चालवणे’. देणं एकदा होतं, चालवणं पुढच्या प्रत्येक सरकारनं करायचं. नवा राजा आला, नवा पेशवा आला, की जुनं चालवल्याची पत्रं घ्यायची रीत होती. एल्फिन्स्टननं 11 फेब्रुवारी 1818 रोजी साताऱ्याहून जाहीरनामा काढला, त्यातही वतनं, इनामं, वर्षासनं आणि देवस्थानं यांना धक्का लागणार नाही असं आश्वासन होतं. इनामदारानं हे वाचलं आपल्या भाषेत: सरकार बदललं, पण चालवणार म्हणतंय.

कंपनीनं मात्र हळूहळू वेगळा प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुळात दिलं कुणी, आणि त्याला द्यायचा अधिकार होता का? दक्षिण महाराष्ट्रात 1840 च्या दशकात हे काम सुरू झालं, आणि 1852 च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला पुरतं बळ दिलं. पुराव्याचं ओझं इनामदारावर. दिवाणी कोर्टात दाद मागायची सोय नाही. पिढ्यान् पिढ्या ज्याची वहिवाट होती, त्यानं कागद दाखवायचा. कागद वाळवीनं खाल्ला असेल, भाऊबंदकीत गेला असेल, आगीत गेला असेल, तर दावा लंगडा. ‘चालवणे’ या क्रियापदावर उभं असलेलं घर ‘करून देणे’ या क्रियापदाच्या पुराव्यावर तोललं गेलं. आणि जे टिकलं नाही ते रिझ्यूम झालं. (लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख या कमिशनमध्ये असिस्टंट कमिशनर होते. शतपत्रं वाचताना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.)

मी इनामदारांची वकिली करतोय असं समजू नका. या इनामांखाली प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्या कुळाला यातलं काय मिळत होतं, हा वेगळा आणि कदाचित मोठा प्रश्न आहे. खोटी इनामपत्रंही होती. पण तुम्ही तुमच्या प्रबंधात ‘सरकारनं इनामं परत घेतली’ असं लिहिलंत, तर त्या एका ‘परत’नं तुम्ही कमिशनच्या बाजूनं निकाल दिलात. ‘हिसकावली’ लिहिलंत तर इनामदाराच्या बाजूनं. दोन्ही निकाल देता येतात, पुरावा मांडून. नकळत देऊ नयेत. 1863 मध्ये मुंबई सरकारनं दुसरा आणि सातवा असे दोन कायदे करून ठरावीक रकमेच्या बदल्यात बरेच दावे मिटवले, तेव्हा या चौकशीचा जाच संपला. त्या कायद्यांचा सगळा भर तडजोडीवर आहे, जुन्या हक्काचा निवाडा करण्यावर नाही. हे शहाणपण कुठून आलं ते 1857 नंतरची तारीख सांगतेच.

‘कॉन्फिस्केट’ला वेळ लागणार नाही. यात शिक्षा आहे, म्हणून गुन्हा लागतो आणि गुन्हेगार लागतो. उदाहरण नरगुंदचं, आताच्या कर्नाटकात गदग जिल्ह्यात. तिथले संस्थानिक बाबासाहेब भावे यांना मूल नव्हतं आणि दत्तकाला परवानगी मिळाली नव्हती. ते शांतपणे वारले असते तर कागदावर आलं असतं: नरगुंद लॅप्स झालं. 1858 मध्ये त्यांनी उठाव केला, पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, बाबासाहेबांना बेळगावला फाशी दिलं आणि संस्थान जप्त झालं. जमीन तीच, घेणारा तोच. या दोन क्रियापदांमधल्या अंतराची किंमत बाबासाहेबांनी दिली, आणि ती त्यांनी समजून उमजून दिली असं मी मानतो. म्हणून तुमच्या पानावर तरी तिथे ‘खालसा झालं’ नको.

जप्तीवरून एक सूचना. मराठी कागदातली जप्ती नेहमीच शिक्षा नसते. वाद मिटेपर्यंत, हिशेब होईपर्यंत सरकार ताबा घेई आणि मग मोकळं करी. आजच्या कोर्टाच्या भाषेतही जप्ती म्हणजे ‘अटॅचमेंट’, मालकी गेली असं नाही. तेव्हा मूळ मराठी अर्ज आणि त्याचं सरकारी इंग्रजी भाषांतर अशी जोडी हाती लागली, तर सोन्यासारखी जपा आणि आधी क्रियापदं समोरासमोर लावून बघा. भाषांतरकारानं जप्तीला कुठे अटॅच, कुठे कॉन्फिस्केट आणि कुठे रिझ्यूम केलंय का, हे पाहिलंत तर निम्मा लेख तिथेच तयार होईल.

वऱ्हाडची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिथे क्रियापदानं हरणाऱ्याला मदत केली. हैदराबादच्या निजामाकडे कंपनीच्या फौजेचा, म्हणजे हैदराबाद कंटिंजंटचा, खर्च थकला होता. 1853 च्या तहात वऱ्हाड आणि आणखी काही प्रदेश कंपनीकडे आला. पण ‘सीड’ होऊन नाही (बियाण्याचं सीड नव्हे, सोडून देणे, हक्क सोडणे या अर्थाचं), ‘असाइन’ होऊन. म्हणजे वसुलासाठी नेमून दिला, मालकी निजामाचीच. इंग्रजांच्या नकाशावर पन्नास वर्षं या भागाचं नावच हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स असं होतं. अकोल्या-अमरावतीच्या शेतकऱ्याला काय फरक पडला? सारा इंग्रज अधिकारीच घेत होता. पण फरक पडला. 1860 मध्ये धाराशिवकडचा भाग आणि रायचूर दोआब निजामाला परत मिळाले, कारण दिलेलं नव्हतं, नेमून दिलं होतं. सालारजंग आयुष्यभर वऱ्हाड परत मागत राहिला, आणि मागू शकला याच आधारावर. 1902 मध्ये कर्झननं वार्षिक 25 लाख रुपयांच्या बदल्यात कायमचा भाडेपट्टा करून घेतला, आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं. तेव्हाही मालकी निजामाचीच ठेवावी लागली. त्याच्या थोरल्या मुलाला 1936 मध्ये प्रिन्स ऑफ बेरार ही पदवी मिळाली, ती या एका क्रियापदाची शेवटची निशाणी. नागपूर आणि वऱ्हाड आज आपण विदर्भ म्हणून एका दमात म्हणतो. 1853-54 च्या आगेमागे दोन्ही इंग्रजांकडे गेले. पण नागपूरचे भोसले काही परत मागू शकले नाहीत. लॅप्स झालेल्या गोष्टीला परतीची वाट नसते.

कामाच्या पद्धतीबद्दल आता थोडं, कारण ‘हे सगळं ठीक, पण मी करू काय?’ असं तुम्ही विचारणारच.

टिपणं काढताना इंग्रजी क्रियापदाचं मराठी करू नका. ‘सातारा – लॅप्स – डलहौसीचं टिपण – ऑगस्ट 48’ असं कच्चंच लिहा. भाषांतर प्रकरण लिहायला घ्याल तेव्हा. टिपण काढतानाच ‘खालसा’ केलंत तर दोन वर्षांनी मूळ शब्द काय होता ते तुम्हाला कुणीही सांगू शकणार नाही, आणि पुन्हा तो रुमाल मागवायला लागेल. क्रियापदाशेजारी कर्ता लिहायची सवय लावा. कर्ता नसेल तर तिथे रिकामी चौकट काढा. पन्नास टिपणांनंतर चौकटी कुठे जास्त आहेत ते पाहा. माझ्या अनुभवात त्या निर्णयाच्या जवळ दाट होतात आणि हिशेबाच्या कागदांत विरळ.

शब्दाचा त्या काळचा अर्थ त्या काळच्या कोशात बघा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1831, सुधारित आवृत्ती 1857) इंटरनेटवर शोधता येतो. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा, म्हणजे साताऱ्याच्या प्रकरणाच्या ऐन तोंडावरचा. महसुली शब्दांसाठी विल्सनची 1855 ची शब्दसूची. मोबाईलमधला कोश आजचा अर्थ देतो, आणि रिझ्यूमचं काय होतं ते वर पाहिलंच.

आणि मराठीत लिहिताना झालं-केलं सांभाळा. आपल्या भाषेतही ही सोय आहे, ती आपण वापरत नाही एवढंच. ‘सातारा खालसा झालं’ आणि ‘डलहौसीनं सातारा खालसा केलं’ यांत लॅप्स आणि अ‍ॅनेक्सचाच फरक आहे. पहिलं वाक्य आपण शाळेपासून लिहितो, वसाहतवादावर चार परिच्छेद टीका करून झाल्यावरसुद्धा लिहितो, आणि त्या वाक्यात व्याकरण डलहौसीचंच असतं.

राहता राहिलं 1948. ऑगस्ट 1947 मध्ये संस्थानिकांनी ‘अ‍ॅक्सीड’ केलं. हे सीडचंच भावंड, मूळ एकच, पण दिशा वेगळी. सीड म्हणजे हक्क सोडून बाजूला होणे, अ‍ॅक्सीड म्हणजे जवळ येणे, सामील होणे. सामीलनाम्यात त्यांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढंच भारताला दिलं होतं, गादी शाबूत होती. त्यानंतरचा करार वेगळा, ‘मर्ज’ होण्याचा. सांगली, मिरज, औंध, फलटण अशी दख्खनची संस्थानं 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर त्यानंतर वर्षभरानं, 1 मार्च 1949 ला. इथे सरकारी मराठीनं दोन टप्प्यांसाठी दोन नेमके शब्द दिले, सामीलनामा आणि विलीनीकरण. इंग्रजीपेक्षा कमी नाहीत.

तरीही त्या भागातल्या जुन्या माणसांना विचाराल तर ती सांगतील, ‘संस्थान खालसा झालं तेव्हा मी इतक्या वर्षांचा होतो.’ वसूल आता थेट सरकारात जाणार, मधे कुणी नाही, या मूळ अर्थानं ते शंभर टक्के बरोबर आहे. तोंडी मुलाखती घेणार असाल तर त्यांचं हे वाक्य दुरुस्त करू नका. जसंच्या तसं उतरवून घ्या, आणि शेजारी फक्त एवढं विचारा, ‘कुणी केलं?’ उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी पटेलांचं नाव घेतं, कुणी प्रजा परिषदेचं, आणि कुणी म्हणतं, राजेसाहेबांनी स्वतःच सही केली.